घुम्याचे शंभर फोटो

माझ्या थोरल्या भावाला लहानपणापासून सगळे घुम्या म्हणतात. आई सांगते, जन्मला तेव्हाही सुईणीने दोन चापट्या दिल्यावर रडला, आणि तेही एकदाच, कामापुरतं. मी त्याला दादा म्हणते, पण तो समोर नसला की माझ्याही तोंडी घुम्याच येतं.

गंमत म्हणजे दादाचा धंदा मात्र तोंडाचाच. तो कवळ्या बनवतो. डॉक्टरने घेतलेल्या मापावरून हिरड्यांचा प्लास्टरचा साचा करायचा, त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा. त्याच्या बोटांत कला आहे. ती बघूनच सात वर्षांपूर्वी परदेशातल्या एका लॅबने त्याला बोलावून घेतलं. वहिनी इथल्या शाळेत ग्रंथपाल, आई सत्तरीच्या पुढे. म्हणून त्या दोघी इकडे आणि दादा तिकडे, असा संसार सुरू झाला. मी दोन गल्ल्या सोडून राहते, पण संध्याकाळचा चहा त्यांच्याचकडे.

दर रविवारी दादाचा फोन यायचा. वहिनी विचारायची, कसं चाललंय. तो म्हणायचा, ठीक. जेवलात का? हो. काय जेवलात? केलं होतं काहीतरी. मग तो आईला विचारायचा, बरी आहेस ना, आणि आई म्हणायची, मला काय धाड भरलीय. झाला फोन. तार केली असती तर दोन शब्द जास्त आले असते, असं वहिनी म्हणायची, पण हसून म्हणायची.

एका रविवारी मात्र ती हसली नाही. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं होतं की तुमचे यजमान तिकडे राहतात ती खोली कशी आहे. वहिनीला सांगता येईना. सात वर्षं झाली आणि नवऱ्याच्या खोलीच्या भिंतींना कुठला रंग आहे हे तिला ठाऊक नव्हतं. फोन आला तेव्हा तिने कसं चाललंय विचारलंच नाही.

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. "तुम्हाला जमत नाही, मी मान्य केलं. उद्यापासून रोज एक फोटो पाठवायचा. शंभर दिवस."

दादा म्हणाला, बरं.

ग्रंथपाल म्हटल्यावर नियम आलेच. पुतळे, कारंजी, सूर्यास्त चालणार नाहीत, ते कॅलेंडरवर बघता येतात. फोटो त्याच दिवशीचा हवा. खाली एक वाक्य हवं आणि वाक्यात क्रियापद हवं, कारण दादा क्रियापदंही वाचवतो. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन.

पहिला फोटो आला छतावरच्या दिव्याचा. खाली लिहिलं होतं, "हा दिवा आहे." दुसरा, "ही किटली आहे." तिसरा, "हे मोजे आहेत." नियम तर एकही मोडला नव्हता. वहिनी म्हणाली, हा माणूस मला पहिलीचं पुस्तक शिकवतोय. पण मोज्यांचा फोटो तिने मोठा करून पाहिला आणि लिहिलं, "मोजे दोनच्या जागी तीन कसे?"

उत्तर यायला दोन तास लागले. हीटरवर वाळत होते त्यातला एक मोजा त्याचा नव्हता. वरच्या मजल्यावरून वाऱ्याने उडून तो दादाच्या खिडकीत पडला होता, आठवडा झाला होता. बापड्याने धुऊन वाळत घातला, पण वर जाऊन द्यायचा धीर होईना. वर कोण राहतं, असं वहिनीने विचारलं. माहीत नाही, तो म्हणाला. सात वर्षं.

वहिनीने हुकूम सोडला की आजच्या आज मोजा परत करायचा आणि फोटो तोच.

चौथ्या फोटोत एक पांढऱ्या मिशांचे आजोबा दारात उभे होते. हातात तो एकटा मोजा बक्षिसासारखा उंच धरलेला. खाली दादाने लिहिलं होतं, "हे गृहस्थ चाळीस वर्षं बस चालवत होते, बायको वारल्यापासून एकटे राहतात आणि हा मोजा त्यांनी पलंगाखालीसुद्धा शोधला." वहिनीने ते वाक्य आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. त्यात तीन क्रियापदं होती.

तिथून गाडी रुळावर आली. फोटो काढायचा म्हणजे आधी काहीतरी दिसायला हवं, म्हणून दादा रस्त्याने मान वर करून चालायला लागला. आणि माणसांचा काढायचा तर विचारावं लागतं. तिकडची भाषा त्याला कळायची, पण बोलता कामापुरतीच येत होती. हिरड्या, दाढ, उद्या, झालं, बस. त्या तेवढ्या शब्दांवर तो कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेला आणि फोटो काढू का म्हणाला. ती आधी उखडली. मग त्याने खिशातून फोन काढून वहिनीचा फोटो दाखवला आणि बोटाने सांगितलं की बायको, लांब, रोज एक. भाजीवालीने त्याला पाच मिनिटं थांबवलं, पुढचे टोमॅटो पुन्हा रचले, केस नीट केले आणि मगच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तो तिथून जाताना तिने हाक मारून विचारलं की बायको काय म्हणाली.

लॅबचेही फोटो यायला लागले. मेणाच्या कामट्यांसारख्या पट्ट्या, पितळेचं उघडझाप करणारं जबड्याचं यंत्र, खिडकीखाली मांडलेल्या बारा कवळ्या. त्या बाराजणी एका रांगेत अशा हसत होत्या की मलाही हसू आवरेना. आईने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला. तिने चार बायकांत सांगून ठेवलं होतं की मुलगा मोठ्या दवाखान्यात असतो. मी तिला चिडवलं, तर ती नेहमीसारखा तोंडाला पदर लावून हसली आणि आत निघून गेली.

सदतिसाव्या दिवशी फोटो आला नाही.

वहिनी म्हणाली, विसरले असतील. पण तिचं लक्ष दिवसभर फोनकडे होतं. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे दोन आले. एक थर्मामीटरचा. दुसऱ्यात दादाच्या चुलीशी, म्हणजे शेगडीशी, वरचे आजोबा पाठमोरे उभे राहून पातेल्यात काहीतरी ढवळत होते. खाली लिहिलं होतं, "काल ताप फार होता, आज कमी आहे, आजोबा मला उठू देत नाहीत."

वहिनीने सरळ फोन लावला. सात वर्षांत असा ताप किती वेळा आला, तिने विचारलं. तो म्हणाला, चार-पाच वेळा आला असेल. तेव्हा रविवारी काय सांगत होतात? ठीक, असंच सांगत होतो. वहिनी रागावली, रडली, मग पुन्हा रागावली. दादाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मग तिकडचे फोटोही पाठव. तिथलं ठीक म्हणजे काय, ते मलाही बघू दे."

त्यामुळे इकडूनही रोज एक फोटो जायला लागला. वहिनीची शाळेतली पुस्तकांची कपाटं, माझी सायकल, गळका नळ. पन्नासाव्या दिवसाच्या आसपास कधीतरी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत पाय पसरून झोपलेलं मांजर टिपलं. फोटो खरंच छान आला होता. तासाभरात दादाचा फोन. वार बुधवार. आम्ही घाबरलोच.

"आई आहे का?" तो म्हणाला. फोन स्पीकरवर ठेवला. "आई, मांजराच्या मागे फळीवर काचेची डबी आहे. त्यात तुझी कवळी कोरडी का पडली आहे?"

आई म्हणाली, मांजर बघ ना किती गोड आलंय.

"आई. पाणी आटलंय, म्हणजे डबी खूप दिवसांत उघडलेली नाही. तू ती घालत नाहीस."

मग आईने मूग गिळायचे थांबवले. दोन वर्षं झाली होती. कवळी सैल झाली होती, बोलताना खटखट वाजायची, खाताना टोचायची. कोणी यायचं असलं किंवा बाहेर जायचं असलं की तेवढ्यापुरती घालायची, एरवी डबीत. तिला मऊ भात आवडतो असं आम्ही समजत होतो. तिचा तो तोंडावरचा पदर आम्हाला लाजरेपणा वाटायचा. मी रोज तिच्यासमोर बसून चहा पीत होते. हजारो कोस लांब असलेल्या माणसाला फोटोच्या कोपऱ्यात जे दिसलं ते मला हाताच्या अंतरावरून दिसलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" दादाने विचारलं.

"अरे, तू जगाच्या कवळ्या करतोस," आई म्हणाली. "तुझ्याच आईची बसत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि तू तरी ताप आल्याचं कुठे सांगितलंस?"

त्या दिवशी दादा पाऊण तास बोलला. कवळी करणाऱ्याची चूक नाही, असं त्याने आईला समजावलं. दात गेले की हिरडी वर्षागणिक झिजत जाते, म्हणून आज चपखल बसलेली कवळी पुढे सैल होतेच. नवी करायला हवी आणि ती तो करणार.

वहिनीने आईला इथल्या दातांच्या डॉक्टरकडे नेऊन माप घेववलं. आईच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे कापसात, कापूस माझ्या जुन्या सुती ओढणीत आणि ओढणी खोक्यात, असा तो ऐवज रवाना झाला. खोकं पोहोचल्याचा फोटो आला तेव्हा खाली लिहिलं होतं, "आई आली."

लॅबच्या प्रमुख बाई कडक होत्या. जेवणाच्या सुट्टीत आणि काम सुटल्यावर करू का, असं दादाने त्यांना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, कर, पण शेवटचं पॉलिश मी करणार, आईच्या कामाला तुझा घाईचा हात नको. पुढचे तीन आठवडे आम्ही रोज आईचं तोंड भरताना पाहिलं. आधी गुलाबी मेण. मग समोरचे दोन दात. मग एकेक करून बाकीचे. सगळे वरचे दात बसले त्या दिवशी आई फोटोकडे बघून नाखूष झाली. दात फार सरळ होते.

"एवढे सरळ नकोत," तिने कळवायला सांगितलं. "गल्लीतले लोक ओळखायचे नाहीत. माझा पुढचा एक दात शेजारच्यावर जरा चढलेला होता."

कुठला, दादाने विचारलं. आईला आठवेना, उजवा की डावा. मी माझ्या लग्नाचा आल्बम काढला. त्यात आई कशावर तरी मनापासून हसत होती आणि उजवीकडचा दात शेजाऱ्याच्या अंगावर रेलला होता. तो फोटो तिकडे गेला. दादाने मेण ऊन करून दात केसभर फिरवला. आई म्हणाली, आता ही मी.

कवळी पोस्टाने पाठवायला दादाचा जीव धजेना. तो रजा काढून स्वतःच घेऊन आला. चार दिवस त्याने आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, निळ्या कागदाचा तुकडा दातांमध्ये धरायला लावला, जिथे जास्त निळं उठेल तिथे नखभर घासलं, पुन्हा बसवलं. पहिल्या दिवशी आईचे उच्चार घसरत होते. ती 'साखर' म्हणायला गेली की शिट्टी वाजायची आणि आम्ही दात काढायचो. चौथ्या दिवशी तिने पेरू घेतला. चिरलेला नाही, अख्खा. आम्हाला पलीकडच्या खोलीत कचकन आवाज आला. दादा जागेवरून उठला नाही. बशीतल्या निळ्या कागदाला नुसत्या घड्या घालत राहिला.

सुट्टीत ग्रंथालय बंद असतं, असं म्हणून वहिनीने रजेचे दिवस मोजणीतून वगळले. त्यामुळे उरलेले सात फोटो दादाने परत गेल्यावर पुरे केले. शंभराव्यात लॅबच्या प्रमुख बाई, भाजीवाली आणि आजोबा त्याच्या खोलीत त्याच्या तीन खुर्च्यांवर बसले होते. तो स्वतः नव्हता, कारण फोटो तो काढत होता आणि बसायला चौथी खुर्ची नव्हती. आता रविवारचा फोन इतका लांबतो की शेवटी वहिनीच म्हणते, मला दुसरी कामं आहेत.

शाळेच्या मोठ्या सुट्टीत वहिनी पहिल्यांदाच तिकडे गेली. आई महिनाभर माझ्याकडे राहिली आणि तिने माझ्या घरातले सगळे दाणे संपवले. वहिनी परत आल्यावर तिने मला पोहोचल्याच्या दिवसाची हकिगत सांगितली. बसमधून उतरल्यावर दादा सामान काढत होता, तर ही एकटीच पुढे निघाली. भाजीचं दुकान, तिथून उजवीकडे, मग निळ्या दाराची टपालपेटी, मग जिना असलेली गल्ली. कुठेही विचारावं लागलं नाही. भाजीवालीने तिला ओळखून दोन्ही हात वर केले. पण दारापर्यंत पोहोचताना वहिनीला धाप लागली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. दोन्ही हातांत पेट्या घेतलेला दादा मागून येऊन पोहोचला.

"हा चढ तुमच्या एकाही फोटोत नव्हता," ती म्हणाली.

"चढ फोटोत येत नाही," दादा म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढायला तिला सांगितलं.