विमानाखाली राहिलेली बॅग

त्या काळी विमानात चढण्याआधी आपलं सामान आपणच ओळखून द्यावं लागे. काउंटरवर दिलेल्या बॅगा विमानाजवळ उन्हात रांगेनं मांडून ठेवलेल्या असत. प्रवाशानं चालत जायचं, आपल्या बॅगेवर हात ठेवायचा, हमाल तिच्यावर खडूनं फुली मारायचा आणि मगच ती आत चढायची. जिला कुणी ओळखलं नाही ती खाली राहायची. बॅगेत स्फोटकं ठेवून कुणी पसार होऊ नये, म्हणून हा नियम. नियम चांगला होता. आजही मी त्याच्या बाजूनं भांडेन.

पण नियम माणसाला सांगावा लागतो.

मुंबईच्या एका साप्ताहिकानं मला नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं होतं. तिकीट त्यांचं, माझा पहिलाच विमानप्रवास. देश नुकताच खुला झाला होता म्हणे. आमच्या बेगमपेठच्या विमानतळावर नव्या खाजगी कंपन्यांची विमानं उतरू लागली होती आणि जिकडे तिकडे टाय लावलेली पोरं ‘सर’, ‘मॅडम’ करत फिरत होती. मी त्याच शहरात, जामबागेतल्या दोन खोल्यांत पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेली. वडील कामगार संघटनेचं प्रत्येक पत्रक मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत काढायचे. शाई कमी पडली तर मजकूर कापायचे, भाषा नाही.

रांगेत माझ्यापुढे चाळिशीची एक बाई होती. माझ्या तोंडून ‘अगं बाई, केवढी ही रांग’ निघालं, तशी ती गर्रकन वळली. “मराठी हाव का तुम्ही?” आदिलाबादकडची. दुबईला एका घरी स्वयंपाकाला निघाली होती. मुंबईत एजंटचा माणूस थांबणार होता आणि संध्याकाळचं पुढचं विमान चुकलं तर ती जागा दुसऱ्या बाईला जाणार होती. जांभळ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून सुतळीनं बांधलेली तिची बॅग काउंटरवरच्या पोरानं दोन बोटांनी ढकलली. कामाचा कागद तिनं त्याच बॅगेत ठेवला होता, साड्यांच्या घडीत.

सामान ओळखा, ही घोषणा झाली ती इंग्रजीत. भराभर, एकदाच. मला ते सगळं आधीच ओळखीच्या एकानं समजावलं होतं. विमानाजवळ पोचल्यावर मी रुबाबात माझ्या बॅगेवर हात ठेवला. ती बाई मात्र बॅगांच्या रांगेवरून सरळ पुढे गेली आणि जिना चढली. मी पाहिलं. हाक मारायची तर एवढ्या साहेब लोकांत मराठीत ओरडावं लागलं असतं. मला लाज वाटली. मी तशीच तिच्यामागून जिना चढले.

आत तिची जागा माझ्या शेजारीच निघाली. थोड्या वेळानं कर्ण्यातून एक नाव पुकारलं गेलं, इतकं वाकडंतिकडं करून की ते तिचं आहे हे तिलाही कळलं नाही. मी खिडकीतून खाली पाहिलं. सगळ्या बॅगा गेल्या होत्या. एकच उरली होती, जांभळी.

“मावशी, ती तुमची ना?”

“हाव, माझीच की! ती कामून नाही ठिवली वर?”

मी ताडकन उठले. हवाई सुंदरी धावत आली, “मॅडम, प्लीज, बैठ जाइए.” तिच्या मागोमाग टायवाला.

“अनाउन्समेंट हुई थी, मॅडम.”

“कुठल्या भाषेत?”

“इंग्लिश. ये फ्लाइट है, मॅडम.”

माझं डोकंच फिरलं. “यांनी तिकीट काढलं तेव्हा इंग्रजी विचारलंत का?” मी मराठीतच ओरडले. आता लाज वाटत नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, “क्या अम्मा, पूरा प्लेन रुका दिए!” पुढच्या रांगेतले एक पुणेरी गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, “अहो, असल्यांना एकटं पाठवतात कशाला?”

“तुम्हाला कोन पाठवलं, साहेब?” बाईनं विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

शेवटी आम्हा दोघींना खाली उतरू दिलं. बॅग बेवारस ठरली होती, म्हणून विमानाजवळच्या पोलीस शिपायानं ती तिथेच उघडायला लावली. विमानाच्या खिडक्याखिडक्यांना चेहरे चिकटले होते. दोन साड्या, परकर, ज्वारीचं पीठ, तिखटाची बरणी. शिपायानं पिठात काठी खुपसली, मग बरणी उघडून हुंगली आणि शिंकत सुटला. “खा थोडं,” बाई म्हणाली. हमाल हसला. साड्यांच्या घडीतून कागद काढून तिनं पोलक्यात खोचला, सुतळी पुन्हा आवळली आणि बॅगेवर हात ठेवून उभी राहिली. हमालानं फुली मारून बॅग आत चढवली, तेव्हाच तिनं हात काढला.

विमान उडालं. एवढं झाल्यावर, जसं काही घडलंच नाही अशा थाटात, हवाई सुंदरीनं सगळ्यांना कार्डं वाटली: आमची सेवा कशी वाटली? तीही इंग्रजीत. मी पेन उघडलं आणि मराठीत आग ओकायला सुरुवात केली.

“काय लिवू लागलीस?” बाईनं विचारलं.

“तक्रार. तुम्ही सांगा, मावशी, तसं लिहिते.”

“लिव्ह. आम्हाला कोनी सांगितलं नाही. सांगाया काय तोंड दुखत होतं का?”

मी लिहिलं.

“आन् तुझं बी लिव्ह. तू बगत होतीस. जिना चढताना मी मागं वळले तवा तू माझ्याकडंच बगत होतीस.”

पेन थांबलं. तिला वाचता येत नव्हतं. काहीही खरडलं असतं तरी चाललं असतं.

“लिवलीस?”

“लिहिलं,” मी म्हणाले. आणि मग लिहिलं.