वाघ चालून दाखवणाऱ्या मावशी

डबे टेबलावर ठेवले की मावशी पदराला हात पुसायच्या, डोळे बारीक करून आमच्या स्क्रीनकडे बघायच्या आणि विचारायच्या, "तुम्ही पाह्यलं काय कधी?" झाड असो की नाला, सवाल हाच.

आम्ही तिघं मित्र पुण्यातल्या नोकऱ्या सोडून आर्णीला आलो होतो आणि खत-बियाणं विकणाऱ्या कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत व्हिडिओ गेम बनवत होतो. गेम जंगलाचा, आणि जंगल आम्ही फोटोतच पाहिलेलं. मावशी मात्र झरी जामणीकडच्या. अर्धं आयुष्य जंगलात तेंदूपत्ता तोडण्यात गेलेलं. आता आर्णीत डबे पुरवायच्या.

दोन महिने खपून मी वाघ तयार केला. मावशींनी तो दोनदा चालताना पाहिला.

"हे वासरू हाय बाबू."

"काहून मावशी?"

"पाय आपटून राह्यला ना. वाघ मागचा पाय पुढच्याच पावलावर ठेवते. आवाज येत नाही."

मला कळेना. तेव्हा साठीच्या मावशींनी पदर खोचला आणि खोलीच्या मधोमध हातापायांवर उतरल्या. मान खाली, खांदे आळीपाळीने वर, हात उचलला तिथेच पाऊल. खत विचारायला आलेला एक शेतकरी चुकून वर आला, दारात थबकला आणि आल्या पावली उतरून गेला. आम्ही हसून लोळलो. मावशी तेवढ्या गंभीर.

"व्हिडिओ काढला काय? मी पुन्हा नाही करत."

त्या व्हिडिओवरून वाघ नव्याने केला. गेम बाजारात आणणाऱ्या एका कंपनीने आमचे आधीचे दोन गेम नाकारले होते. हाही गेला असता तर आम्ही पुन्हा नोकरी शोधणार होतो. त्याच कंपनीच्या माणसाने थोडा वेळ खेळून पहिला प्रश्न विचारला, "वाघाची चाल कोणी केली?" गेम त्यांनी घेतला. त्यात मावशींचं नाव आम्ही आमच्या नावांच्या वर टाकलं. पेढा देत ते दाखवलं, तर म्हणाल्या, "बरं झालं. कालचा एक डबा परत नाही आला पण."

आता त्या गावी, लेकीकडे असतात. जायच्या आधी पहिल्यांदाच स्वतः फोनवर गेम खेळल्या. बांबूतून वाघ समोर आला. आम्ही सगळे अशा वेळी पळायचो आणि मरायचो. मावशींनी बोटं उचलली, फोन मांडीवर ठेवला आणि हलल्याच नाहीत. वाघ थांबला, बघत राहिला, मग वळून बांबूत निघून गेला. न हललं तर वाघ निघून जातो, हे मीच कोडमध्ये लिहून विसरलो होतो.

मावशींनी तेव्हा कुठे श्वास सोडला.