पाइप कोणाचा?

आमच्या सोसायटीत अजूनही कुणी पाइप म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. का, ते सांगतो. पण आधी चहा घोटभर पिऊन घ्या, नाहीतर ठसका लागेल.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या सोसायटीत आम्ही नुकते राहायला आलो होतो. आतला रस्ता व्हायचा होता. त्याआधी इंटरनेटच्या वायरींसाठी गेटपासून प्रत्येक घरापर्यंत रिकामा पाइप पुरायचा होता. तो टाकायचा कुणी, आणि मालक कोण?

बिल्डरशेठ म्हणाले, "मी टाकतो. पण पाइप माझा. आत कुणाची वायर जाईल ते मी ठरवणार."

इकडे आमच्या सायलीला पुण्याच्या एका ऑफिसनं सांगितलेलं, घरी नेट असेल तर नाशिकमधूनच टायपिंगचं काम करा, नाहीतर पुण्याला या. पोरगी घरात राहणार की जाणार, हे त्या पाइपवर ठरणार होतं. ते मी शेठच्या मर्जीवर सोडू?

मी मूळचा मखमलाबादचा, घरी गुलाबाची शेती. मीटिंगमध्ये उभाच राहिलो. "विहीर आपली आणि पाइपलाइन दुसऱ्याची असली, तर वाफ्यात पाणी कधी येणार ते तो ठरवतो. पाइप सोसायटीनं टाकायचा. वायर कुणाचीही येऊ द्या, पाइप आपला."

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी हात वर केले, "पाइप आपला." शेजारच्या पाटील सरांनी पाठ थोपटली आणि देखरेख माझ्याच गळ्यात मारली.

रविवारी पाइप चरात टाकून झाला. सोमवारी माती लोटायची होती. आता कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, माती लोटायच्या आधी काय करतात? पाणी सोडून बघतात. सांधा गळत असेल तर तेव्हाच कळतं. आमच्या वडिलांनी पाणी सोडल्याशिवाय एक पाइप पुरला नाही. मग मी कसा पुरणार?

गेटजवळच्या तोंडात टाकीच्या मोटरची नळी घातली, कडेनं चिंध्या कोंबल्या आणि बटण दाबलं. चराच्या काठानं वाकून वाकून बघत निघालो. कुठे थेंब नाही.

"सर, याला म्हणतात काम," मी छाती फुगवून म्हणालो.

पाटील सरांनी चरात वाकून बघितलं. "ते खरं अण्णा. पण गळत नाही, तर एवढं पाणी चाललंय कुठं?"

तेवढ्यात खिडकीतून बायकोचा आवाज आला. "अहो, टीव्हीमागच्या भोकातून पाणी येतंय."

तळमजल्यावरचं पहिलं घर आमचंच. धावत गेलो तर हॉलभर पाणी, आणि सायली नव्या कॉम्प्युटरचं खोकं मांडीवर घेऊन सोफ्यावर पाय वर करून बसलेली.

"बाबा," ती म्हणाली, "नेटच्या आधी नळ आला."

दुसरं घर पाटील सरांचं. ते तोवर पळत सुटले होते.

पाइप वाळायला आठवडा लागला. सरांच्या बायकोनं माझ्याशी बोलायला महिना लावला. पण वायर आली, नेट आलं आणि सायली नाशकातच राहिली. तिचं पहिलं काम पुण्याला गेलं त्या दिवशी मी खरंच रडलो.

आता त्याच पाइपातून तीन कंपन्यांच्या वायरी जातात. म्हणजे माझं म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

फक्त नव्या कंपनीचा माणूस येऊन "पाइप कोणाचा?" असं विचारतो, तेव्हा "आपला" म्हणून हात वर केलेली तीच मंडळी माझ्याकडे बोट दाखवतात.

"अण्णांचा. आधी मोटर बंद आहे का विचारा."