नागपूरचे सहा महिने

मी नागपूरला सहा महिने राहून आलोय, अशी माझ्या होणाऱ्या बायकोची समजूत होती. मामाच्या दुकानात मदतीला गेलो होतो, असं मीच तिला सांगितलं होतं. मामा खरा होता, त्याचं दुकानही खरं होतं. मी मात्र ते सहा महिने मनोरुग्णालयात काढले होते.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आम्ही परळला चाळीत राहायचो. एका उन्हाळ्यात मला झोप येईनाशी झाली आणि गंमत म्हणजे तिची गरजही वाटेना. डोकं इतकं झरझर चालायचं की बाकीची माणसं मला मंद वाटू लागली. चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला मी एकेक बंगला बांधून देणार होतो. त्यांचे नकाशे काढून मी ज्याच्या त्याच्या दारावर चिकटवले होते. तिसऱ्या आठवड्यात गच्चीच्या कठड्यावर उभा राहिलो आणि सगळ्यांना खाली जमायला सांगितलं. सगळे जमले. वडिलांनी आणि शेजारच्या दोघांनी मला धरून टॅक्सीत कोंबलं, तेव्हाही ते सगळे तिथेच उभे होते.

परत आल्यावर मला कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे फार जपून बोलायचे, काचेचं भांडं उचलावं तसं. तेच वडिलांना सहन होईना. त्यांनी चाळीतली खोली सोडली आणि भाईंदरला वन-रूम-किचन घेतलं. इथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मजल्यावर गुजराती होते, राजस्थानी होते, एक कोकणातलं कुटुंब होतं. सगळेच नवे, सगळेच कुठून तरी आलेले. कुणी कुणाला मागचं विचारत नव्हतं.

डॉक्टरांनी एक गोळी आयुष्यभरासाठी लावून दिली होती. ती घेतली की मी इतर माणसांसारखा असायचो. तिचे त्रास दोनच. एक म्हणजे तहान फार लागायची, आणि भाईंदरला तेव्हा पाणी टँकरने यायचं. खाली हंड्यांची रांग लागलेली असायची, आणि माझ्यासाठी आई एक कळशी वेगळी भरून ठेवायची. दुसरा त्रास म्हणजे हात थरथरायचा. मी ड्राफ्ट्समन होतो. मीरा रोडला मिठागरं बुजवून इमारती उठत होत्या, आणि मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात त्यांचे नकाशे काढत होतो. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ ओढताना मी मनगट टेबलावर दाबून धरायचो आणि श्वास रोखायचो. गोळ्या आईने बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत भरून ठेवल्या होत्या. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ताकदीच्या गोळ्या वाटायच्या.

माझी होणारी बायको मला पहिल्यांदा भेटली ती ऑफिसात. हातात जागेचा नकाशा होता आणि चेहऱ्यावर भांडणाची पूर्ण तयारी.

"हा तुम्ही काढलाय?"

"हो."

"मग आमच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठे गेली? कागदावर आहे, घरात नाही."

मी टेप घेऊन तिच्यासोबत गेलो. खिडकीच्या जागी खरंच कोरी भिंत होती. मी साइटवरच्या सुपरवायझरशी वाद घातला, दोनदा फेऱ्या मारल्या, आणि महिन्याभराने भिंत फोडून खिडकी बसली. तिच्या आईने मला चहाला बोलावलं. ती स्वतः भाईंदरच्या एका मराठी शाळेत शिकवत होती. तिचं कुटुंबही गिरगावातून इकडे आलेलं. पुढे आम्ही दोघं संध्याकाळी काशीगावच्या रस्त्याने फिरायला जाऊ लागलो. अहो-जाहोचं कधी अरे-तुरे झालं, कळलंही नाही.

मला तिला सांगायचं होतं. हे मी आज स्वतःची बाजू घ्यायला म्हणत नाही. एका रविवारी चेण्याच्या नदीवर जायचं ठरलं होतं, तिथे सांगायचं मी नक्की केलं होतं. पण त्याच्या तीनच दिवस आधी तिची मोठी बहीण माहेरी परत आली. नवऱ्याची नोकरी सुटून दीड वर्ष झालं होतं आणि तो रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचा. त्या रविवारी नदीकाठी दगडावर बसून ती मला म्हणाली, "मला गरीब चालेल, तापट चालेल. पण लपवाछपवी करणारा माणूस मला एक दिवस चालणार नाही."

मी पाण्यात पाय सोडून बसलो होतो. म्हटलं, "बरोबर आहे तुझं."

घरी आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "लग्नाआधी चकार शब्द काढायचा नाही. नंतर बघू." आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या घरच्यांकडून लग्नाची विचारणा आली.

एकदा खोटं बोललं की त्याला घर बांधून द्यावं लागतं. नागपूरला तिची मावशी होती. मावशी कुठे राहते हे ती उत्साहाने सांगायची आणि विचारायची, "तू कुठल्या भागात होतास?" मी मामाला पत्रं लिहून गल्ल्यांची नावं मागवली. बर्डीवरच्या बाजारातली गर्दी, तिथला उन्हाळा, संत्र्यांचे ढीग, हे सगळं मी तिला इतकं रंगवून सांगितलं की एकदा ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा तिथेच जाऊ. तू मला सगळं दाखव." त्या दिवसापासून नागपूरचं नाव निघालं की मी विषय बदलायचो.

साखरपुडा झाला आणि तिच्या घरी जाणं वाढलं. एकदा तिच्या वडिलांच्या समोर माझी कपबशी वाजायला लागली. मी ती खाली ठेवायला गेलो आणि चहा चादरीवर सांडला. वडील हसून म्हणाले, "जावईबापू आत्तापासूनच घाबरले." ती हसली नाही. नंतर जिन्यात मला म्हणाली, "मी खूप दिवस बघतेय. तुझा हात थरथरतो. पाणीही तू किती पितोस. डायबेटिस तर नाही ना? आपण डॉक्टरकडे जातोय."

मी आठवडाभर टाळलं. शेवटी तिने तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या डॉक्टर वडिलांची वेळच घेतली, पुढच्या महिन्यातली. तेव्हा मला एकच वाट दिसली. मी गोळी बंद केली. सकाळी आईसमोर तोंडात टाकायची, मोरीत जाऊन थुंकायची.

चार-पाच दिवसांत तहान गेली. दहाव्या दिवशी मी मनगट न टेकवता रेघ ओढली आणि ती दोरीसारखी सरळ आली. मी तो कागद कितीतरी वेळ बघत बसलो. वेळ आली तेव्हा त्या डॉक्टरांनी तपासलं, साखर पाहिली, म्हणाले, काही नाही, अशक्तपणा असेल. ती खूश झाली. आता गोळी पुन्हा सुरू करायला हवी होती. मी केली नाही. मला वाटलं, मी बरा झालोय. निदान तसं वाटायला मला फार आवडत होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या ओळखीतले सगळ्यात सुंदर. मला एकामागून एक गोष्टी सुचायच्या. मी तिच्या हेडमास्तरांची नक्कल करायचो, भर रस्त्यात गाणी म्हणायचो, अनोळखी माणसांना थांबवून त्यांच्याशी गप्पा मारायचो. काशीगावच्या रस्त्यावर एकदा ती हसून हसून ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली. डोळे पुसत म्हणाली, "तू नेहमी असा का नसतोस रे? इतके दिवस तुझ्यावर कुणीतरी झाकण ठेवल्यासारखं वाटायचं. आत्ता कुठे तू दिसतोयस."

मी हसलो. पण तिला जो आवडत होता तो कोण आहे, हे मला माहीत होतं. मी त्याला गच्चीच्या कठड्यापर्यंत जाताना पाहिलेलं होतं.

तरीही मी गोळी घेतली नाही. कारण आता घेतली असती, तर ती ज्याच्यावर हसली होती तो माणूस तिच्यापासून काढून घेतल्यासारखं झालं असतं. आणि न घ्यावी, तर पुढे काय होणार हे ठरलेलं होतं.

मग एका दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलावर मी काढलेले सहा मोठे कागद पसरलेले होते. मुर्ध्याच्या खाडीकाठी खांबांवर उभं असलेलं आख्खं गाव, घराघरांतून फिरणारे पाण्याचे पाट. हे काम मला कुणीही दिलेलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?" मी सांगत सुटलो. पाऊण तास झाला असेल. बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. ते एरवी ऑफिसात ओरडणारे गृहस्थ. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "छान आहे. तुम्ही आता घरी जा. विश्रांती घ्या."

तो आवाज मला पाठ होता. चाळीतली माणसं त्याच आवाजात बोलायची.

मी घरी न जाता तिच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. ती बाहेर आल्याबरोबर तिला घेऊन मुर्ध्याच्या बाजूला, मिठागराच्या बांधावर गेलो. चालता चालताच बोलायला लागलो. "मी नागपूरला कधी गेलोच नाही," म्हणालो, आणि ती हसली. तिला वाटलं, ही आजची नक्कल. मी पुढचं सांगितलं. टॅक्सी, इस्पितळ, बी-कॉम्प्लेक्सची बाटली. एकही शब्द मला सावकाश बोलता येत नव्हता. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई जाताना थांबली आणि म्हणाली, "ऊन हाय, सावलीला तरी बसा." आम्ही बसलो नाही.

"म्हणजे हे तीन आठवडे..." ती म्हणाली.

"गोळी घेतलेली नाही."

"मग मला जो आवडला, तो..." ती चालायची थांबली.

मग तिने विचारलं, "गोळी आहे कुठे?"

"घरी."

"चल."

घरी येऊन तिने बाटली मागितली, कळशीतलं पाणी भरून पेला माझ्या हातात दिला आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग आईकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही तरी मला सांगायला हवं होतं."

आई म्हणाली, "सांगितलं असतं, तर आज तू इथे उभी असतीस का?"

ती दाराकडे वळली. चपला घातल्या आणि गेली.

पुढचे काही दिवस मला नीट आठवत नाहीत. डॉक्टरांनी औषधं वाढवली, मी झोपून असायचो. सतराव्या दिवशी ती आली. तिला माझ्या डॉक्टरांना एकटीने भेटायचं होतं. मी तिला घेऊन गेलो आणि दवाखान्याच्या बाहेर बाकावर पाऊण तास बसून राहिलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला आजाराचा राग नाही. तू मला बर्डीवरची संत्री सांगितलीस ना, त्याचा आहे. किती आवडीने ऐकायचे मी." मला तिथेच रडू आलं. तिने मला रडू दिलं, हात धरला नाही.

लग्न झालं. तिने ते का केलं, हे मी तिला अजून धड विचारलेलं नाही. तिची अट एकच होती. "माझ्या घरी हे कळता कामा नये. ताईचं झाल्यावर बाबांना हे झेपणार नाही."

मला वाटलं होतं, तिला सांगितलं की मी सुटेन. झालं असं, की तीही माझ्याजवळ आत येऊन बसली आणि दार पुन्हा लागलं. आता आम्ही दोघं लपवत होतो. त्या गोळीमुळे रक्त तपासायला दर तीन महिन्यांनी आम्ही दादरला जायचो. एकदा जेवताना तिच्या वडिलांनी विचारलं, "काय असतं रे तुमचं सारखं दादरला?" मी पानातला घास कालवत राहिलो. ती भात वाढता वाढता म्हणाली, "यांचे डोळे तपासायचे असतात, बाबा. दिवसभर त्या बारीक रेघा." आणि त्यांच्या पानात आमटी वाढली. लपवाछपवी एक दिवस चालणार नाही म्हणणारी ती हीच. तिला हे शिकवणारा मी. त्या जेवणाला मला काही चव लागली नाही.

तिचे वडील पुढे सहा-सात वर्षं होते. माझ्यावर त्यांचा जीव होता. जावई शांत आहे, मोजकं बोलतो, असं ते लोकांना कौतुकाने सांगायचे. त्यांना खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने टेबलाखालून माझा पाय दाबला, आणि मी दुसरंच काहीतरी बोललो.