भिंतीपलीकडची तिलावत

कुठे थांबावं हे अख्ख्या भोपाळात फक्त एका माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे खालू. त्यांची बायको माझ्या आईची मैत्रीण, म्हणून ती आमची खाला, म्हणजे मावशी, आणि खालाचा नवरा तो खालू. एवढंच आमचं नातं. माझे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले आणि अशोका गार्डन वस्तीत घर बांधून बसले, तेव्हापासून मधली भिंत दोन्ही घरांची मिळून आहे. खालू कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर टोकदार पेन्सिलीने रेघा ओढल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही त्यांना चूकच वाटते. हीच सगळी शिस्त त्यांनी पहिल्यापासून कुराणाच्या तिलावतीत, म्हणजे पठणात, ओतली.

दुपार कलली, ऊन जांभळाच्या झाडावरून घसरत आमच्या भिंतीवर आलं की खालू हातपाय-तोंड धुऊन वजू करतात, मिस्वाकच्या काडीने दात घासतात, सदऱ्याची वरची गुंडी लावतात आणि लाकडी रेहलवर ग्रंथ उघडतात. मग तो आवाज येतो. त्यातला एक शब्दही मला कळत नाही, पण लहानपणापासून माझी संध्याकाळ त्या आवाजातूनच उतरत आली आहे. अभ्यासाची वही पुढ्यात तशीच राहायची आणि मी कुठल्या कुठे जाऊन यायची. घरामागच्या रुळांवर मालगाडी आली की खालू चालू आयत, म्हणजे कुराणातलं वचन, पुरी करून थांबतात आणि शेवटचा डबा जाईपर्यंत डोळे मिटून बसतात. गाडी सिग्नलला अडकली तर खालूही अडकतात.

तिलावत कानावर पडली तर गप्प राहून ऐकायची, हा त्यांचा दुसरा नियम. एकदा आम्ही जिलेबी आणायला गेलो, तर दुकानदाराने गल्ल्याशेजारी मोबाइलवर तिलावत लावून ठेवलेली. खालू जिलेबीचा पुडा हातात घेऊन जागच्या जागी थांबले. मागे रांग वाढली. "को खां, आगे बढ़ो!" कुणीतरी ओरडलं. खालूंनी ओठांवर बोट ठेवलं. दुकानदाराने ओशाळून मोबाइल बंद केला, तर खालू कळवळून म्हणाले, "आयत तो पूरी होने देते, मियाँ!" त्याने बिचाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून लावली. जिलेबी गार झाली, मीही शेजारी मुकाट उभी.

पण त्यांचा खरा राग 'नई बात'वर. धर्मात मागाहून घुसलेली कुठलीही रीत त्यांना खपत नाही. कुणी डुलत वाचलं, नई बात. कुणी गाण्याच्या चालीवर वाचलं, मग तर विचारूच नका. मी एकदा चिडवलं, "खालू, मग स्कूटर पण नई बात नहीं क्या?" ते शांतपणे म्हणाले, "बेटा, स्कूटर पर मैं दफ़्तर जाता था, जन्नत नहीं."

आणि सगळ्यात मोठी गुन्हेगार त्यांच्याच स्वयंपाकघरात होती. खालूंनी वाचन संपवलं की खाला आतून मोठ्याने म्हणायची, "सदक़ल्लाहुल अज़ीम." महान अल्लाह खरं बोलला, असा त्याचा अर्थ. पठणाच्या शेवटी हे म्हणायची रीत पैगंबरांनी शिकवलेली नाही, असं खालूंचं ठाम म्हणणं.

"नई बात है, बेगम."

"सच्ची तो है?"

"सच्ची है, मगर नई है."

चाळीस वर्षं रोज हा संवाद चालला. आमचं घर मात्र त्या नव्या बातीवर चालायचं. खालू संपले म्हणून थांबलेत की मालगाडीसाठी, हे भिंतीअलीकडून कळायचं कसं? म्हणून आई खालाच्या आवाजाची वाट बघायची. "झालं गं खालाचं," म्हणायची आणि देवापुढे दिवा लावून घंटी वाजवायची.

गेल्या वर्षी खालूंचे समोरचे दात पडले. रोज मिस्वाकने घासलेले, तरी पडले. कवळी आली आणि जिभेचं टोक दातांना लावून म्हणायची अक्षरं बिघडली. मधूनच शिट्टी वाजे. पहिल्याच दिवशी अर्धं पान वाचून त्यांनी ग्रंथ मिटला. "ग़लत पढ़ने से न पढ़ना बेहतर," म्हणाले, आणि त्यानंतर नुसते डोळ्यांनी वाचू लागले. भिंत मुकी झाली. आई कधी उजेडातच दिवा लावी, कधी अंधार पडून गेला तरी विसरे. मला तर संध्याकाळ झाल्यासारखीच वाटेना.

मागच्या महिन्यात साबुदाण्याची खिचडी द्यायला गेले, तेव्हा खाला रेहल घेऊन त्यांच्यापुढे बसली होती. पन्नाशीनंतर ती त्यांच्याकडेच वाचायला शिकली. अडखळून रडायची, तेव्हा खालू तिची समजूत घालत.

"मुझसे क्या कहा था?" ती विचारत होती. "अटक-अटक के पढ़ने वाले को दुगना सवाब. वो क्या मेरे अकेले के लिए था?" सवाब म्हणजे पुण्य.

"वो सीखने वालों के लिए है."

"तो सीख लो. मैं बैठी हूँ. कौन इम्तिहान ले रिया है?"

 खालूंनी वरची गुंडी लावली आणि सुरुवात केली. अडखळले, मागे गेले, तोच शब्द पुन्हा घेतला, पुन्हा शिट्टी, पुन्हा मागे. खाला मान हलवत ऐकत होती. मी खिचडीचं भांडं हातात घेऊन, त्या जिलेबीच्या दिवसासारखी, दारात उभी. अर्ध्या पानाला ऊन भिंतीवरून पार उतरलं.

ते थांबले. मालगाडी नव्हती. खालाने मुद्दाम आमच्या भिंतीकडे तोंड करून, चांगलं मोठ्याने म्हटलं, "सदक़ल्लाहुल अज़ीम."

पलीकडे आमच्या देवघरातली घंटी वाजली.

मी खालूंकडे बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी फक्त ग्रंथ मिटला, त्यावरून हात फिरवला आणि खालाकडे बघून हसले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण घरी येताना काहीतरी ऐकायचं राहून गेल्यासारखं वाटलं. आता ते रोज वाचतात, अर्धं पान, आणि आईचा दिवा वेळेवर लागतो. मी मात्र घंटी वाजून गेल्यावरही भिंतीशी थोडी थांबते. एकदा तरी त्यांनी "नई बात है, बेगम" म्हणावं.