काटकोनातली अकराशे लेबलं

नानासाहेबांनी पुण्यातल्या छापखान्यात तेहतीस वर्षं कागद कापला आणि उरलेल्या वेळात लोकांची अक्कल काढली. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स उपनगरात मुलाकडे राहायला आल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. जुन्या कागदातलं त्यांना कळतं, असा बोलबाला झाला होता. जवळच्या पापाटोएटो उपनगरातून कुणी आजोबांची लग्नपत्रिका किंमत विचारायला आणली आणि ती लॅमिनेट केलेली निघाली, की हे चष्म्यावरून बघत म्हणायचे, "छान. आता हिच्यावर पोहे ठेवून खा." माणसं हिरमुसून जायची आणि ह्यांचा दिवस चांगला जायचा.

स्वतःच्या ट्रंकेबद्दल मात्र कुणी बोलायची सोय नव्हती. तिच्यात काडेपेट्यांची अकराशे जुनी लेबलं होती. २०१६ साली मुलगा श्रीनाथ लहान घरात जायला निघाला, तेव्हा म्हणाला, "नाना, व्हॅल्युएशन करून घेऊ. काही निघालं तर इन्शुरन्समध्ये घालू, ट्रंक नव्या घरात नेऊ. नाहीतर सॉरी, रीसायकलिंग." नानासाहेब नुसते हसले. किंमत ठरवायला येणाऱ्या बाईला घाम फुटेल, असं त्यांनी बायकोला, वनिताबाईंना तीनदा ऐकवलं.

बाई आली, तिथल्या माओरी रिवाजाने 'किया ओरा' असा नमस्कार केला आणि भिंग लावून तासभर बघत बसली. मग तिने विचारलं, "ह्यांच्या कडा कुणी कापल्या?"

"मीच," नानासाहेब छाती काढून म्हणाले. वाकडी कडा त्यांना सहनच होत नसे. एकूण एक लेबल त्यांनी कटिंग मशीनवर काटकोनात आणलं होतं. बाईने शांतपणे सांगितलं, की कोरा समास गेला, त्यावरचं छापखान्याचं नावही गेलं, आता ह्यांना किंमत नाही. लॅमिनेशनवाल्यांना हसणाऱ्या माणसाने तेच पाप अकराशे वेळा केलं होतं, तेही पट्टी लावून.

मग ती ट्रंकेच्या तळाशी वाकली. तिथे लेबलांचा न कापलेला अख्खा ताव अंथरलेला होता, छपाईत रंग सरकलेला. नानासाहेबांनीच तो रद्दी म्हणून घरी आणला होता, आणि वनिताबाईंनी तो ट्रंकेत अंथरला तेव्हा "कागदातलं काय कळतं तुला" असं सुनावलंही होतं. बाईने ताव दोन्ही हातांनी उचलला, असा चुकलेला अख्खा ताव सहसा मिळत नाही, ह्याला चांगली किंमत येईल, असं म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. ट्रंक वाचली ती त्या एका कागदामुळे.

वनिताबाईंनी कप उचलता उचलता ताव नीट पाहिला.

"अहो, कडा वाकडी आहे ह्याची," त्या म्हणाल्या. "कात्री आणू?"