टॉवरला बांधलेला झोका

पश्चिमेच्या पठारावर पहिल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा मी धुळ्याला ज्युनिअर इंजिनिअर होते. वर वारा मुबलक, वीजही भरपूर; पण ती खाली आणायची तर आमच्या जुन्या तारांना पेलवेना. म्हणून नवे टॉवर आले, जाड तारा आल्या आणि पार पारोळ्याच्या बाजूला जाणारी नवी लाइन ओढली गेली. त्या लाइनीपायी मी वर्षभर उन्हातान्हात हिंडले. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. लांबून माझी जीप दिसली की कंत्राटदाराची माणसं बिड्या विझवायची.

लाइन पहिल्यांदा चालू करायचा दिवस साहेबांनी ठरवला तो नेमका आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. सणाला कारखाने बंद, विजेची मागणी कमी, सोय चांगली. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, आमरस-पुरणपोळी खातात आणि झाडाला झोके बांधून दिवसभर गाणी म्हणतात. मी मुक्ताईनगरची, खानदेशातलीच; मला का हे ठाऊक नव्हतं? पण डोक्यात तारांशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

लाइनवर कुणी नाही हे बघायचं आणि जीपमधल्या वायरलेसवरून तसं कळवायचं, एवढंच माझ्याकडे होतं. टॉवर बघत बघत पारोळा रस्त्यावरच्या एका गावाशी आले आणि बघते तर काय, टॉवरच्या खालच्या आडव्या लोखंडाला दोर बांधून पोरीबाळी झोके घेतायत! गाणी चाललेली, हातभर हिरव्या बांगड्या वाजतायत.

मी जीपमधून उतरले ती ओरडतच. "जीव नकोसा झालाय का? उतरा आधी!"

गाणं थांबलं. उतरलं मात्र कुणी नाही. बुंध्याशी, म्हणजे टॉवरच्या पायाशी, बसलेली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "आमना निंब तुम्हीच तोडा ना बाई? मंग झोका कोठे बांधाना?"

तो कडुलिंब मीच तोडायला लावला होता. तारांखाली येत होता, तोडणं भागच होतं, आणि आजही मी तो तोडलाच असता. पण ते झाड गावाचं झोक्याचं झाड होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

मधल्या झोक्यावर एक किडकिडीत पोर होती. लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी, आणि उद्या सासरचे तिला न्यायला येणार. दोर घट्ट धरून म्हणाली, "अक्का, सक्काय मना सासरना लोक येतस. आजना दिन तं खेळू दे."

मी पाय आपटत जीपकडे गेले आणि वायरलेस उचलला. "साहेब, टॉवरवर माणसं आहेत."

"कामगार?"

"नाही. गावच्या लेकी. झोके बांधलेत."

 मग माझे कडक साहेब, ऑफिसात पुस्तकी मराठीखेरीज न बोलणारे, हळूच अहिराणीत म्हणाले, "आखाजी शे ना वं. खेळू दे त्यास्ले सांजलोंग. तू तठेच थांब."

मी थांबले. त्यांनी मला रस-पोळी वाढली, गाण्यात ओढलं, माझ्या पँटवरून यथेच्छ हसून घेतलं. मला त्या सगळ्या फार आवडल्या.

उन्हं कलल्यावर एकेक दोर सुटू लागला. शेवटचा त्या किडकिडीत पोरीचा. त्याची गाठ मीच सोडत होते. ती म्हातारीला म्हणाली, "आजी, पुढला साल झोका कोठे बांधाना?"

म्हातारी म्हणाली, "आधी ये तं खरी, माय. सासरनास्नी धाडाले जोयजे."

सासरनं पाठवलं तर ना, हे ऐकून पोरीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात जीपमधला वायरलेस बोलला, मी धावले. साहेब विचारत होते, "झालं का? चालू करू?"

"दहा मिनिटं द्या, साहेब," मी म्हटलं. "एक गाठ सुटत नाहीये."

गाठ केव्हाच सुटली होती. मी परत येऊन ती पुन्हा बांधली, दोर दोनदा ओढून पाहिला आणि तिला म्हटलं, "बस."